हाडांच्या ओटीतले रिट्रॅक्टर : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

आजपासून काम सुरू. मेट्रन मॅडम आणि हाडांचे मोठे सर यांनी मिळून माझ्या गळ्यात घातलेलं काम असं: हाडांच्या ओटीतले (ऑपरेशन थिएटरमधले) झाडून सगळे रिट्रॅक्टर बाहेर काढायचे, तपासायचे आणि प्रत्येकाचा निकाल लावायचा. वापरायचा, दुरुस्त करायचा की मोडीत काढायचा. मुदत गणपतीपर्यंत. बजेट विचारलं तर सर नुसते हसले.

निमित्त गेल्या महिन्यातलं. मणक्याच्या केसमध्ये मॅस्टॉइड, म्हणजे जखम आपोआप उघडी धरणारा रिट्रॅक्टर, लावून ठेवला होता. त्याचं खरं नाव वाइटलानर, पण आमच्या मिरजेत तो मॅस्टॉइडच. त्याचं रॅचेट (मिटू न देणारी दातेरी पट्टी) घसरलं आणि तो जखमेत आपोआप मिटला. पेशंटला काही झालं नाही. सरांच्या तोंडून जे निघालं ते मात्र अख्ख्या मजल्याने ऐकलं.

ही वही पुढे कुणाच्या हाती पडली तर म्हणून लिहिते. रिट्रॅक्टर म्हणजे जखमेच्या कडा, स्नायू, नस (नर्व्ह) बाजूला ओढून धरणारं हत्यार. ते कापत नाही, शिवत नाही, नुसतं धरून ठेवतं. म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. ऑपरेशन नोटमध्ये इम्प्लांटचा बॅच नंबर येतो, धाग्याचा आकडा येतो, रिट्रॅक्टरचं नाव क्वचितच येतं.

ओटीतले मामा इथे पंचवीस-सव्वीस वर्षं आहेत. हॉमन म्हणजे हाडामागे टोक टेकवायचा रिट्रॅक्टर, त्याला ते हनुमान म्हणतात. "हनुमान चौदा हायत बघा मॅडम, तेरा चालू." तेरा चालू म्हणजे काय, ते उद्या विचारीन.

५ जून, बुधवार

दोन दिवस हत्यारांचे ड्रम उपसले. हॉमन १४, लांगेनबेक ११, मॅस्टॉइड ७, गेल्पी ३, मणक्याचे टेलर ४, नस बाजूला धरायचे रूट रिट्रॅक्टर ६, खुब्यासाठी चार्न्लीची एक चौकट. एकूण ४६. मानेच्या मणक्याचा सेट वेगळा, त्याची सुटी पाती डब्यात नुसती कोंबलेली. ती नंतर.

जुन्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन बसले. लांगेनबेकसारख्या साध्या पात्यांना चुंबक धरत नाही, ते ३०४ जातीचं स्टील. मॅस्टॉइडला टपकन चिकटतं, ते ४२० जातीचं. ते तापवून कडक करता येतं, म्हणून रॅचेट आणि टोकं त्याची करतात. कडकपणाची किंमत अशी की ते गंजाला लवकर बळी पडतं.

मग खोडरबर. तपकिरी डाग दिसला की शाळेतल्या खोडरबराने घासायचं. डाग निघून खाली गुळगुळीत धातू दिसला तर तो पाण्याचा किंवा साबणाचा डाग. खाली सुईच्या टोकाएवढा खड्डा दिसला तर गंज. ४६ पैकी १७ जणांना खड्डे. बहुतेक सांध्यात आणि रॅचेटच्या दातांच्या खाली, म्हणजे जिथे ब्रश पोचत नाही तिथे.

माझा अंदाज लिहून ठेवते, नंतर पडताळता येईल: खरेदीवेळी स्वस्तातलं स्टील घेतलं गेलंय.

६ जून, गुरुवार

"तेरा चालू"चा अर्थ कळला. चौदावा हॉमन मामांनी गॉजमध्ये गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवला होता. टोकाचा जवळजवळ ३ मिलिमीटर तुकडा नाही.

कधी तुटला? माहीत नाही. कोणत्या केसमध्ये? माहीत नाही. मामा म्हणाले, "मला दिसला तवा काढून ठेवला." त्यांनी तरी काढला. काउंटमध्ये तो कधीच अडकला नसता, कारण काउंट नगांचा होतो. ऑपरेशनआधी तीन हॉमन, नंतर तीन हॉमन, फळ्यावर बरोबरची खूण. तीनपैकी एक अपुरा आहे हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

सरांना दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला) बोलावून ऑपरेशननंतरचे एक्स-रे मागे जमेल तेवढे पुन्हा बघायला सांगितलं.

११ जून, मंगळवार

आज स्वतः ओटीत उभी राहिले. कमरेच्या मणक्याची केस. हत्यार टेबलावर तपासणं आणि कामात बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टेलर रिट्रॅक्टर म्हणजे लांब वाकवलेलं पातं. टोक मणक्याच्या सांध्याच्या बाहेरच्या अंगाला टेकवायचं आणि दांडा ओढून स्नायू मागे सारायचा. ओढून धरायचं कुणी? दांड्याच्या भोकातून रोलर बँडेज ओवलं आणि त्याचा फास रेसिडेंटच्या पायात. तो चपलेने बँडेज दाबून उभा. मी पुस्तकात हे वाचलं होतं, पण खरंच करत असतील असं वाटलं नव्हतं. सर म्हणाले, "पाय थकत नाही. हात थकतो, आणि थकलेला हात सांगत नाही की मी सैल झालोय."

मॅस्टॉइडसारखी आपोआप उघडी राहणारी हत्यारं यातूनच आली. वाइटलानर हा ऑस्ट्रियातला डॉक्टर. त्याने १९०५ च्या सुमाराला हा जखम-फाकवणारा चिमटा मांडला, हाताखाली माणूस नसला तरी काम निभावं म्हणून. तो लावला की माणूस मोकळा होतो. पण माणूस थकतो तेव्हा नकळत हात ढिला पडतो आणि स्नायूला तेवढंच रक्त मिळतं. रॅचेट ढिलं पडत नाही. १९९० च्या दशकात जपानी संशोधकांनी उंदरांच्या पाठीच्या स्नायूंवर हे तपासलं होतं: दाब जितका जास्त आणि जितका वेळ, तितकी स्नायूची हानी मोठी. म्हणून सर अधूनमधून "सोड" म्हणतात. सगळे रिट्रॅक्टर ढिले होतात, स्नायू पुन्हा लाल होतो, मग परत लावतात. आज मी घड्याळ लावून बघत होते. एकदा "सोड" म्हणायला उशीर झाला तर सिस्टरनीच आठवण केली.

रूट रिट्रॅक्टर हातात घेतलेला रेसिडेंट श्वास रोखून उभा होता. ६ मिलिमीटर रुंदीचं टोक, पलीकडे नस. तिथे बँडेजही चालत नाही आणि पायही.

केस संपली. सगळी हत्यारं मामांनी कोपऱ्यातल्या निळ्या बादलीत टाकली आणि पुढच्या केसच्या तयारीला लागले. बादलीत काय आहे विचारलं. "हायपो."

१२ जून, बुधवार

५ तारखेचा अंदाज खोडते. स्टीलचा दोष नाही. बादलीचा आहे.

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचच. एचआयव्हीची धास्ती पसरली त्या काळात बहुतेक ओटींत ही सवय लागली आणि मग राहिली. क्लोरीन स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पडदा फोडतं आणि तिथून खड्डा सुरू होतो. रक्त आणि सलाइन सांध्यात अडकलेलं, वरून ब्लीच, आणि दुपारची शेवटची केस असेल तर दुसऱ्या सकाळपर्यंत तसंच. जगातलं कुठलंही स्टील यात टिकणार नाही. मुळात रक्ताने माखलेलं हत्यार ब्लीचमध्ये टाकून धड निर्जंतुकही होत नाही, कारण रक्तच ब्लीच खाऊन टाकतं.

सतरा हत्यारांची वाट लागली ती एका वीस रुपयांच्या बादलीने. (बादली वीसची नसेल. राग आहे तो.)

२० जून, गुरुवार

सिस्टर इन-चार्जशी तीन बैठका. त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता: "उद्या कुणाला सुई टोचली तर तुम्ही येणार का?" नवी पद्धत त्यांनीच घालून दिली, मी फक्त कागदावर उतरवली. हत्यार वापरून झालं की स्क्रब नर्स तिथल्या तिथे निर्जंतुक पाण्याने ओल्या गॉजने पुसणार, सलाइनने नाही. मग एन्झाइमचं द्रावण, सांधे उघडून. मग ब्रश, मग आरओचं पाणी, कारण आमच्या बोअरच्या पाण्याने पांढरा थर बसतो. हे सगळं जाड ग्लोव्हज घालून. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) रॅचेट उघडं ठेवायचं. लॉक करून १३४ अंशाला तापवलं तर धातू फुगायला जागा मिळत नाही आणि सांध्याला तडा जातो.

निळी बादली आता फरशी पुसायला गेली.

२७ जून, गुरुवार

कुपवाड एमआयडीसीत मेस्त्रींकडे गेले. छोटं वर्कशॉप, दोन लेथ, एक ग्राइंडर, पंपाचे पार्ट बनवतात. पण घराणं शिकलगारांचं. मिरजेचे सतारमेकरही मूळचे शिकलगारच, तलवारी-भाल्यांना पाणी देणारे. राज्यांच्या लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यातले काही तंबोऱ्या-सतारीकडे वळले. मेस्त्रींचे आजोबा वळले नाहीत म्हणे, ते कात्र्यांकडे गेले.

सगळ्यात आधी त्यांच्यापुढे तुटका हॉमन ठेवला. त्यांनी तो भिंगाखाली धरला, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, हे आत्ता तुटलेलं न्हाई. ताजी मोड खरखरीत असती. ही घासून गुळगुळीत झालीया. तुटल्यावर लई वापरलाय ह्याला."

परतीच्या वाटेवर हेच डोक्यात. तुटलेल्या टोकाने तो कितीतरी हाडांमागे गेला असेल आणि प्रत्येक वेळी काउंट बरोबर आला असेल.

त्याशिवाय पाच हॉमन टोकं सारखी करायला दिले. दोघांच्या टोकांना टवके उडालेत. कुणीतरी हाडातलं जुनं सिमेंट उचकटायला वापरले असावेत. एक बराच वाकलेला आहे, नंबर ९, तो सरळ करायला दिला.

"नवेच करून दिऊ का? निम्म्या पैशात," असं मेस्त्री म्हणाले. मोह झाला, पण नाही. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. साधा रिट्रॅक्टर बनवून विकायचा तरी नोंदणी लागते. आपण दुरुस्तीपुरतंच राहायचं.

२ जुलै

रेसिडेंटने हाताशी असलेले एक्स-रे सगळे पाहिले. तुकडा कुठेच दिसला नाही. सर म्हणाले, "बरं." त्या "बरं"मध्ये समाधान नव्हतं.

९ जुलै, मंगळवार

आज माझी चूक. सविस्तर लिहिते.

हॉमन आले. काम आरशासारखं. मी खूश होऊन सिस्टरकडे घेऊन गेले. त्यांनी एक उचलला, जुना ग्लोव्ह बोटांवर ताणला आणि टोक त्यावरून हलकेच ओढलं. ग्लोव्ह सरळ चिरला.

मेस्त्रींनी टोकांना धार लावली होती.

त्यांची काय चूक? मी "टोकं नीट करा" म्हणाले. शिकलगाराला टोक नीट कर म्हटलं तर तो दुसरं काय करणार? हॉमनचं टोक हाडाच्या पलीकडे जाऊन टेकतं आणि हाडावर तरफ लावून स्नायू उचलतं. पलीकडे काय असतं ते दिसत नाही. गुडघ्यामागे धमनी असते. खुब्याच्या वाटीच्या पुढच्या काठाला मांडीची मोठी नस आणि रक्तवाहिन्या असतात. टोक अरुंद हवं, पण जिभेसारखं बोथट. हाडाला चिकटून सरकावं आणि मांसाला कापू नये. ऑर्थोत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे, म्हणूनच ते कुणी मला सांगितलं नाही आणि मी मेस्त्रींना सांगितलं नाही.

आणखी एक. दोन टोकांवर निळसर झाक आहे. म्हणजे ग्राइंडरवर तापली. तिथलं पाणी (कडकपणा) उतरलं आणि गंजाला आडवा येणारा पडदाही गेला.

१० जुलै, बुधवार

मेस्त्रींना आमच्याकडे बोलावलं. ओटीत नेता येत नाही, म्हणून शिकवणीच्या खोलीतला प्लास्टिकचा सांगाडा टेबलावर आडवा घातला, मांडीच्या हाडाभोवती फोमची उशी गुंडाळली आणि रेसिडेंटने हॉमन लावून दाखवला. मेस्त्रींनी स्वतः लावून बघितला. दांडा दाबला, फोम उचलला गेला.

"ही तर पहार हाय!"

पहारच आहे. मी दोन आठवड्यांत जे सांगू शकले नाही ते त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं. त्यांनी खिशातून खडू काढून टेबलावरच टोकाचा आकार काढला, कडेला गोलाई, जाडी इतकी. सिस्टरनी मान डोलावली. तोच आता आमचा ड्रॉइंग नंबर १. फोटो काढून ठेवलाय, खडू पुसला गेला.

१७ जुलै

आषाढी. ओपीडी बंद. घरी रूट रिट्रॅक्टरच्या टोकांवरून कापसाचा बोळा फिरवत बसले. तंतू अडकला की तिथे बर (धातूचा बारीक खरखरीत कंगोरा) आहे असं समजायचं. सहापैकी दोघांवर अडकला. नसेला लागणारं हत्यार, त्यामुळे हे दोन दुरुस्तीला नाहीत, थेट मोडीत. आईने विचारलं, "उपासाला पण तेच का?"

२६ जुलै, शुक्रवार

पाऊस थांबत नाही. कृष्णा चढतेय, सांगलीत लोक आयर्विन पुलावर पाणी बघायला जातायत. ठरवून ठेवलेल्या केसेस पुढे ढकलल्या, मला वेळ मिळाला.

मॅस्टॉइडसाठी चाचणीचा सांगाडा बनवला. लाकडी पाट, एका बाजूला मॅस्टॉइडचं एक पातं बांधलेलं, दुसऱ्या पात्याला कप्पीवरून दोरी, दोरीला वजनं. रॅचेटच्या प्रत्येक दातावर लावायचं, ५ किलो टांगायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग पाटावर लाकडी हातोड्याने एक टिचकी. टिचकी महत्त्वाची. शांतपणे टांगलेल्या वजनाला सातपैकी सहा टिकले, टिचकी मारल्यावर चारच. ओटीत कोपर लागतं, सक्शनची नळी ओढली जाते, तीच ही टिचकी.

५ किलोच का? कारण घरात त्याहून मोठं वजन नव्हतं. एकमेकांशी तुलना करायला एवढं पुरतं, कुणाला प्रमाणपत्र द्यायला नाही.

घसरलेल्या तिघांचे दात भिंगातून बघितले. शेंडे गोल झालेत, नवे दात कापून भागणार नाही. तिघे मोडीत.

८ ऑगस्ट, गुरुवार

हॉमन दुसऱ्यांदा आले. ग्लोव्ह चिरत नाही. या वेळी पाणी सोडत, हाताने घासलेत, निळी झाक नाही. लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणात ठेवून पडदा पुन्हा धरू दिला.

मग उकळण्याची चाचणी: शुद्ध पाण्यात अर्धा तास उकळायचं, त्याच पाण्यात थंड होऊ द्यायचं, मग दोन तास उघड्यावर. एकावरही ठिपका नाही. ३०४ च्या पात्यांना मोरचुदाची चाचणी केली. पृष्ठभागावर सुटं लोखंड असेल तर तिथे तांब्याचा लालसर थर चढतो. एका लांगेनबेकच्या दांड्यावर चढला, तिथे कुणीतरी लोखंडी तारेच्या ब्रशने घासलं होतं. मोरचूद आणि लिंबूसत्त्व, दोन्ही स्टेशन रोडवरच्या किराणा-रसायनवाल्याकडून. त्याने विचारलं, द्राक्षबागेला का?

पाठवलेल्या पाचातले चारच आले. नंबर ९ मेस्त्रींनी परत पाठवलाच नाही. फोनवर म्हणाले, "त्याचं नंतर बोलू."

२१ ऑगस्ट, बुधवार

मानेच्या मणक्याचा सेट. पुढून मान उघडून चकतीपर्यंत जायची ही वाट १९५० च्या दशकात रुळली. होनोलुलूच्या क्लोवर्डचं काम १९५८ चं, आणि सेटमधल्या जुन्या चौकटीवर त्याचंच नाव आहे. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका अंगाला, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या अंगाला, मधल्या फटीतून आत जायचं. आडव्या धरायच्या पात्यांना दात असतात, ते मणक्यालगतच्या स्नायूखाली नीट अडकवायचे. वर-खाली धरायची पाती बिनदातांची.

आमच्या डब्यात दोन वेगवेगळ्या सेटची पाती एकत्र. दातवाली, बिनदातवाली, लांब, आखूड, सगळी खिचडी. घाईत दातवालं पातं भलतीकडे लागलं, किंवा स्नायूखालून निसटून दात अन्ननलिकेवर आले, तर काय होईल ते सरांनी एका वाक्यात सांगितलं. ते वाक्य इथे लिहीत नाही.

दिवसभर जोड्या लावल्या. दातवाल्यांच्या दांड्याला लाल टेप आणि बिनदातवाल्यांना हिरवी असं ठरवत होते, तर सिस्टर म्हणाल्या, टेपच्या कडेखाली घाण धरते. मग टेप रद्द. सिलिकॉनची खाचांची ट्रे मागवली. तिच्यात चुकीचं पातं चुकीच्या खाचेत बसतच नाही. पहिल्यांदाच या प्रकल्पात पैसे लागले. सर हसले नाहीत, सही केली.

एक अ‍ॅल्युमिनियमचं पातं सापडलं, एक्स-रेत आड येऊ नये म्हणून घेतलेलं. त्याचा रंगीत थर उडून भुरकट झालाय. तीव्र अल्कली साबणाने धुतलं गेलं असणार. मोडीत.

५ सप्टेंबर, गुरुवार

परवा गणपती. यादी पूर्ण. ४६ पैकी ३५ वापरात, १० मोडीत, एक मेस्त्रींकडे. चौदावा हॉमन मोडीत धरला, पण भंगारात घातला नाही. तो शिकवणीच्या खोलीत काचेच्या बरणीत आहे.

काउंटच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: "टोक". नग मोजताना प्रत्येक हॉमनच्या टोकावर बोट फिरवायचं आणि खूण करायची. मामांनी फॉर्म वाचला आणि म्हणाले, "हे तर मी करतच हुतो." ते करत होते, म्हणूनच चौदावा सापडला. फक्त लिहायला जागा नव्हती.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मिरजेच्या मिरवणुकीने दोन रात्री झोप नाही. मेस्त्री नंबर ९ घेऊन आले, जसा दिला होता तसाच, वाकडा.

"सरळ का नाही केला?"

त्यांनी दांडा उजेडात तिरपा धरला. बाकाच्या दोन्ही अंगांना बारीक समांतर रेघा होत्या. "हे वाइसच्या जबड्याचे वळ. पडून वाकला असता तर वळ नसते. ह्यो कुणीतरी मोजून वाकवलाय मॅडम. मोजून केलेलं काम मी कसं मोडू?"

मामांना विचारलं. त्यांनी तो हातात घेतला आणि लगेच ओळखला. आधीचे मोठे सर, आता निवृत्त, त्यांनी हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये स्वतः वाकवून घेतला होता. खुब्याच्या केसमध्ये, जाड पेशंटला, सरळ हॉमनचा दांडा पोटाला अडायचा म्हणून. नंतरच्यांना ते माहीत नव्हतं. मी तर तो "खराब" म्हणून यादीत लिहिला होता.

आताच्या सरांनी सांगाड्यावर लावून बघितला, दोनदा. मग विचारलं, "असा अजून एक मिळेल?"

यादीत नंबर ९ पुढचं "दुरुस्ती" खोडलं. त्याच्या खाचेखाली लेबल लावलं: हॉमन ९, वाकडा, सरळ करू नये.